वाजवून न घेतलेल्या वाट्या

ही कथा अशी सांगायची नाही, असे मला बजावलेले आहे. आमच्या विहारात दर पौर्णिमेला लहान मुलांना एक जातककथा सांगतात, आणि या वेळी ती सांगायची पाळी माझी आहे. "बोधिसत्त्वाच्या मनात दीड दिवस लोभ होता, तेवढा भाग गाळ. मुलांचा उगीच गोंधळ होईल," असे मोठी माणसे म्हणाली. मी मान हलवली. पण तो भाग गाळून पाहिला, तर उरलेली कथा चार ओळींची झाली आणि त्या ओळींत कोणाचाच जीव राहिला नाही. म्हणून पूर्ण सांगते.

पूर्वी नदीकाठच्या एका नगरात, ज्याचे नाव आता कोणाला आठवत नाही असा एक भला राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने कासाराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव भद्रक. मोठा झाल्यावर तो वडिलांच्याच दुकानात बसू लागला. अनोजा नावाची त्याची बायको होती. ती बोलायची थोडे, पण बघायची सगळे.

कासारांच्या त्या आळीचा एक नियम होता. कोणी जुने भांडे विकायला आणले, की घेणाऱ्याने ते विकणाऱ्याच्या देखत तीन वेळा वाजवायचे आणि कानावर आले ते मोठ्याने सांगायचे. खणखणीत वाजले तर भांडे म्हणून मोल करायचे. बद्द वाजले तर मोड म्हणून, वितळवण्यापुरत्या भावाने घ्यायचे. भद्रकाच्या तर ते हाडात भिनले होते. जेवायला बसला तरी तो आधी ताटावर टिचकी मारी. अनोजा म्हणे, "अहो, ताट कालचंच आहे. भात आजचा आहे, तो बघा."

त्याच्या शेजारी, एकाच भिंतीपलीकडे, सुबाहू नावाचा म्हातारा राहत असे. तो राजाच्या कोठारात धान्य मापण्याचे काम करी. दिवसभर मापून मापून त्याचे खांदे दुखत, पण दिवेलागणीला तो घरी आला की काशाच्या बावीस वाट्या अर्धगोलात मांडी, त्यांत कमी-जास्त पाणी भरी आणि बांबूच्या दोन बारीक काड्यांनी त्या वाजवी. हा त्याचा छंद. त्यासाठी त्याने कधी कोणाकडून काही घेतले नाही. आवाज सुरू झाला की भद्रकाचा हातोडा आपोआप थांबे.

एकदा धीर करून भद्रकाने विचारले होते, "काका, मी एकदा वाजवून पाहू?"

सुबाहूने त्याच्या हातांकडे पाहिले. "तुझा हात घणाचा, बाबा. तू काडी उचललीस की माझ्या वाट्या घर सोडून पळतील."

भद्रक हसला. पण ती इच्छा काही गेली नाही. वीस वर्षे ती भिंतीच्या अलीकडे बसून राहिली.

एका वर्षी थंडी पडू लागली आणि सुबाहू वारला. त्याला एकच मुलगी, नंदुत्तरा. ती तीन दिवसांच्या वाटेवर सासरी होती. घर कोठाराचे असल्यामुळे ते रिकामे करून द्यायचे होते, म्हणून ती बैलगाडी घेऊन आली. आळीत सगळे तिला नंदू म्हणत. भद्रकाला ती लहानपणापासून दादा म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोक्यावर पाटी घेऊन भद्रकाच्या दुकानात आली आणि पाटी धप्पकन खाली ठेवली.

"दादा, ह्या मोडीत घाल. गाडीत जागा नाही."

भद्रकाने वरचे फडके बाजूला केले. "काकांच्या वाट्या?"

"दुसऱ्या कोणाच्या? आमच्या घरी आमटीला कधी वाटी मिळाली नाही, पण पाण्याला बावीस वाट्या! आणि बघ तरी, एकीचाही काठ धड नाही. सगळे खरवडलेले."

भद्रकाला माहीत होते की ते काठ झिजलेले नव्हते. सुबाहूने एकेका सुरासाठी वाळूच्या दगडावर घासून ते वर्षानुवर्षे जमवून आणले होते. हे सांगायला त्याने तोंड उघडले. मग ते मिटले. त्याने एक वाटी उचलली, तिचे वजन हातात घेतले आणि वाजवल्याशिवाय पाटीत परत ठेवली.

"मोडीच्या भावाने एक घागर होईल," तो म्हणाला.

"तांब्याची?"

"तांब्याची."

नंदूचा चेहरा उजळला. "घागर हवीच होती मला! जावेकडे आहे, माझ्याकडे नाही. रोज तोंड बघावं लागतं तिचं." घागर कमरेवर घेऊन ती निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "तू होतास म्हणून बरं, दादा. दुसऱ्या कासाराने ठणठण करत सकाळ घालवली असती."

भद्रक एक शब्दही खोटे बोलला नव्हता. भावही बाजाराचाच होता. तरी तिचे शेवटचे वाक्य ऐकून त्याचे कान तापले.

दुपारी त्याने वाट्या आतल्या खोलीत नेल्या आणि लहान-मोठ्या बघून अर्धगोलात मांडल्या. पाणी भरले. काड्या पाटीतच होत्या. त्या हातात घेतल्या आणि पहिल्या वाटीवर काडी टेकवणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून पेटी सरकवल्याचा आवाज आला. नंदू सामान आवरत होती. तिचे इकडे ऐकू येते, म्हणजे इकडचे तिला ऐकू जाणार. भद्रकाने काड्या खाली ठेवल्या. नंदू परवा जाणार होती. मग वाजवू, असे त्याने ठरवले आणि वाट्यांवर फडके घातले.

रात्र गेली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात बसला, पण कामात लक्ष लागेना. दुपारपर्यंत तो तीनदा आत जाऊन फडके उचलून आला. चौथ्या वेळी अनोजा दारात उभी होती.

"वाजवत का नाही?"

"वेळ कुठे आहे?"

"तान्ह्या बाळासारखं पांघरूण घालायला आहे, वाजवायला नाही?"

"वाजवीन की. उद्या."

"उद्या काय आहे?"

भद्रकाने फडके पुन्हा नीट पसरले.

"उद्या नंदू जाते आहे," अनोजा म्हणाली. मग तिने विचारले, "तिच्यासमोर वाजवून घेतल्या होत्या ना?"

भद्रक फडक्याच्या कडेचा धागा ओढत राहिला.

"ताट वाजवता, पळी वाजवता, मी उसनी आणलेली कढईसुद्धा सोडत नाही तुम्ही," असे म्हणून ती चुलीकडे गेली.

भद्रक तिथेच बसला. त्याने स्वतःशी बराच वाद घातला. आळीतल्या कोणीही या वाट्यांना मोडीपेक्षा जास्त दिले नसते. त्यांचे मोल होते ते त्याच्या एकट्याच्या कानात. मग त्यात नंदूचे काय गेले? ती तर घागर मिळाली म्हणून खूश होती. हिशेब कुठूनही तपासला तरी बरोबर येत होता. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. ज्या वस्तूचा आवाज विकणारीच्या कानावर पडू नये म्हणून जपावे लागते, ती वस्तू आपली झाली कशी?

उन्हे उतरली तशी त्याने पाणी ओतून दिले, वाट्या पाटीत भरल्या आणि शेजारी गेला.

नंदू गोधड्यांच्या घड्या घालत होती. पाटी बघून ती म्हणाली, "काय रे दादा? घागर परत मागायला आलास? देणार नाही हं मी. तिच्यात कुळीथ भरलेत."

"नंदू, काल मी आळीचा नियम मोडला. ह्या तुझ्यासमोर वाजवल्या नाहीत. विसरलो नव्हतो. मला हव्या होत्या, म्हणून मुद्दाम वाजवल्या नाहीत. आता वाजवतो. ऐक, आणि मग भाव सांग. विकायच्याच नसल्या तर तेही सांग."

"त्यात काय ऐकायचं? लहानपणापासून ऐकत आले."

"घरात ऐकल्यास. विकताना नाही ऐकल्यास."

नंदूने खांदे उडवले आणि पुढची गोधडी उचलली. भद्रकाने वाट्या मांडल्या, पाणी भरले. सुबाहू रोज ज्या सुरावटीने सुरुवात करी, तीच त्याने हळूहळू वाजवायला घेतली. हात घणाचाच होता, पण वीस वर्षांचे ऐकणे त्याच्या पाठीशी होते. सुरावट पुढे सरकली आणि सातव्या वाटीशी येऊन अडखळली. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अडखळली.

"सातवीत पाणी जास्त झालंय," नंदू म्हणाली. तिची पाठ त्याच्याकडे होती.

"मी ऐकलं तसं भरलंय."

"तू भिंतीतून ऐकलंस. सूर जाडा होतो भिंतीतून." गोधडी टाकून ती आली आणि वाटीशी उकिडवी बसली. "सातवी माझ्या करंगळीच्या दुसऱ्या पेरापर्यंत. बाबा मलाच भरायला लावायचे." तिने करंगळी पाण्यात बुडवली आणि थबकली. "तेव्हा करंगळी केवढीशी होती. तेव्हाचं दुसरं पेर म्हणजे आताचं..." तिने पहिल्या पेराशी अंगठा धरला, ओंजळीने पाणी काढले, पुन्हा बोट बुडवून पाहिले. "आता वाजव."

भद्रकाने वाजवले. सूर लागला. सुरावट सातवीवरून अलगद पुढे गेली, वर चढली, खाली आली. बाहेर आळीतले हातोडे एकामागून एक थांबत गेले.

नंदू रडली नाही. ती ओल्या करंगळीकडे बघत होती. "बाबा मला वाट्यांना हात लावू देत नाहीत, असंच मी सासरी सांगत आले. पाणी तर रोज मीच भरत होते की." मग तिने विचारले, "हे किती घागरींचं आहे, दादा?"

"बाजारात एकीचं. मला विचारशील, तर माझ्या दुकानात तेवढ्या घागरी नाहीत."

नंदूने सातव्या वाटीच्या काठावरून बोट फिरवले. उत्तर काय येणार ते भद्रकाला आधीच कळले होते. तरी तो थांबून राहिला, कारण ते तिने द्यायचे होते.

"मग मी विकत नाही," नंदू म्हणाली.

"नको विकूस," भद्रक म्हणाला. त्याचा आवाज, खरे सांगायचे तर, बद्द लागला.

"पण मला वाजवता कुठे येतं? मला नुसतं पाणी कळतं."

"आणि मला नुसता सूर."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नंदू उठली, अंगणात गेली आणि गाडीवानाला म्हणाली, "अजून दोन दिवस थांबायचं."

गाडीवान कुरकुरला. "मी थांबेन हो. बैलांना कोण समजावणार?"

"तू समजाव. तुझंच ऐकतात ते. आमचं कोण ऐकतंय!"

त्या दोन्ही संध्याकाळी नंदू पाणी भरी आणि भद्रक वाजवून दाखवी. मग काड्या तिच्या हातात देई. ती चुकली की तो "हं" म्हणे, आणि तो चुकला की ती वाटीत बोट घाली. अनोजा दाराशी बसून तांदूळ निवडी आणि दोघे एकदम चुकले की हसे. ज्या वाट्यांना वीस वर्षे हात लावता आला नव्हता, त्या भद्रकाने पोटभर वाजवल्या. त्या त्याच्या मालकीच्या नसतानाच वाजवल्या, आणि आता काहीही दडवायचे नव्हते.

निघायच्या सकाळी नंदूने कुळीथ काढून घागर परत आणली. अनोजाने ती घेतलीच नाही. "माहेरवाशीण घागर ठेवून गेली, तर आळी मला काय म्हणेल? कुळीथ पुन्हा भर आत. आणि जावेला सांग, माझ्या भावाने दिली." मग तिने स्वतः वाट्या गोधडीत गुंडाळून गाडीत मधोमध ठेवल्या. गाडी गेली.

ही कथा सांगून झाल्यावर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्माची ओळख पटवून दिली. तेव्हाचा म्हातारा सुबाहू म्हणजे आताचा भिक्षू आनंद. आजही तो बोलू लागला की लोक हातातले काम थांबवतात. नंदुत्तरा म्हणजे भिक्षुणी उप्पलवण्णा. कुरकुरणारा गाडीवान म्हणजे हट्टी भिक्षू छन्न होता, हे कोणाला सांगावे लागले नाही. अनोजा म्हणजे राहुलमाता, शास्त्यांची पूर्वाश्रमीची पत्नी, आणि भद्रक कासार म्हणजे मीच, असे शास्ते म्हणाले. या कथेतला गुण म्हणजे सत्य पारमिता, सत्याची परिपूर्णता. खोटे न बोलणे एवढ्यानेच ती पुरी होत नाही. समोरच्याला जे ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, ते आपले नुकसान होणार असले तरी त्याच्या कानावर घालणे, हेही सत्यच आहे.

इथे थांबायचे असते. पण मला आवडते ते अजून राहिलेच. गाडी गेली त्या संध्याकाळी भद्रक जेवायला बसला आणि हातात घास धरून तसाच थांबला. भिंतीपलीकडचे घर रिकामे होते. अनोजाने विचारले, "आता कशाला कान देऊन बसलात? तिथे कोणी नाही." तेव्हा भद्रक म्हणाला, "इथे नाही गं. पण दिवेलागण झाली ना, गाडी कुठेतरी मुक्कामाला थांबली असेल, नंदूने गोधडी सोडली असेल, आणि सातव्या वाटीत बोट बुडवून ती आता—"

हो आई, ऐकली हाक, आले, आले!