मुलीची साक्ष

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात मीठ पिकवणारा एक माणूस आणि त्याची विणकर बायको राहत होती. दोघांचं पटेना. का पटेना ते विचारू नका. त्याला विचारलं तर एक गोष्ट ऐकायला मिळायची, तिला विचारलं तर दुसरी. शेवटी काडीमोड झाला.

बायकोला घाटावरच्या एका पेठेत मागावर काम मिळालं. वाट पाच दिवसांची. ती जाणार हे ठरलं, पण सात वर्षांच्या मुलीचं काय?

"माझी पोर माझ्याबरोबर येणार," आई म्हणाली.

"माझी पोर गाव सोडणार नाही," बाप म्हणाला.

तंटा गावच्या म्हाताऱ्या सुईणीपुढे गेला. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी आई मुलीला घेऊन आली. "हिलाच विचारा."

मुलगी घडाघडा बोलली, "मला आईकडेच राहायचंय. बाबा भाकरी करपवतो. मला मिठागर आवडत नाही."

दुसऱ्या दिवशी बाप तिला घेऊन आला. मुलगी तितक्याच घडाघडा बोलली, "मला बाबाकडेच राहायचंय. आई सारखी रागावते. मला घाट आवडत नाही." घाट तिने अजून पाहिलासुद्धा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सुईणीने दोघांना एकत्र बोलावलं आणि मुलीला मध्ये बसवलं. "आता सांग, बाळ."

मुलीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. हळूच म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय."

"तूच पढवलंस हिला!" आईबाप एकमेकांवर ओरडले.

"गप्प बसा, मेल्यांनो!" सुईण कडाडली. "एवढीशी पोर तुम्हा दोघांची मनं सांभाळतेय. तिचं मन कोणी सांभाळायचं? मी आता तिला काही विचारणार नाही. तुम्हीच तिला सांगा, की दुसऱ्याकडे गेलीस तरी चालेल. बघू कोणाला जमतंय."

आईच्या तोंडून हुंदक्याखेरीज काही फुटेना. बाप मुलीपुढे उकिडवा बसला.

"आईबरोबर जा तू," तो म्हणाला. "तिथं आवडलं तर आवडलं म्हण. मला वाईट वाटणार नाही."

"वाटेल," मुलगी म्हणाली.

बापाने मान डोलावली. "वाटेल. पण ते माझं मी बघेन. ते तुझं काम नाही."

मुलगी त्याच्या गळ्यात पडून रडली. कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती. मग म्हणाली, "मला आईबरोबर जायचंय. आणि मला बाबापण हवाय."

आईने पदराने डोळे पुसले. "बाबाची आठवण आली की मला सांगायचं. लपवायचं नाही. मी रागावणार नाही."

सुईणीने निवाडा दिला. पोर आईबरोबर जाईल. पावसाळ्यात मिठागरं बंद असतात. ते चार महिने बाप त्याच पेठेत बिऱ्हाड करेल आणि पोर त्याच्याकडे राहील.

निघायच्या दिवशी बाप वेशीपर्यंत आला. मुलगी पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होती. ती वळली की आई थांबायची. तिने एकदाही मुलीचा हात ओढला नाही.

तात्पर्य: आईबापांच्या भांडणात लेकराला साक्षीला उभं करू नये. ज्याच्याजवळ बसून लेकराला दुसऱ्याची आठवण काढता येते, त्याच्याजवळच ते सुखाने वाढतं.