बारा घरांच्या मोऱ्या

सरदार हैबतरावांना म्हातारपणी घरबसल्या भाडं खायची लहर आली, आणि भिकूशेट सावकाराला ती वाऱ्यावरच कळली. दुसऱ्या दिवशी तो आपली बारा घरांची चाळ विकायला हजर!

"नऊ वर्षं बाराही घरांत बिऱ्हाडं आहेत, सरकार. एक दिवस खोली रिकामी नाही. भाडं आपल्या पायांनी चालत येतं."

सरदार बघायला गेले. दारोदार तोरणं, ओट्यांवर पापड घालणाऱ्या बाया, अंगणात पोरं. सरदारांनी आयुष्यात तीन किल्ले घेतले होते, घर एकही नाही. त्यामुळे तोरणं मोजून झाली आणि त्यांची पाहणी संपली.

"मोहरांची थैली आणा," ते म्हणाले.

वाड्यावर भांडी घासणारी म्हाळसा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभी होती. तिला राहवेना.

"सरकार, माघाच्या थंडीत, उन्हं कलल्यावर पापड घालणारी बिऱ्हाडं मी पहिल्यांदाच बघते. ही माणसं भाड्यानं राहत नाहीत, भाड्यानं आणलीत."

सावकारासमोर मोलकरणीने अक्कल शिकवावी हे सरदारांना झोंबलं.

"असं? मग सिद्ध कर. घरांत बायामाणसं आहेत, तेव्हा एकही उंबरा ओलांडायचा नाही. कोणाला एक शब्द विचारायचा नाही. जमलं नाही, तर पागेमागची खोली आजच सोडायची. तू आणि तुझी आईही."

म्हाळसाच्या आईला धड उभंही राहता येत नव्हतं. तिला घेऊन जायचं कुठे? भिकूशेटला मात्र दयेचा पाझर फुटला.

"काळजी करू नकोस, पोरी. आमच्याकडे खोली मिळेल हो. भाड्यानं."

म्हाळसाने तांब्या खाली ठेवला आणि ती चाळीला वळसा घालून गेली. सरदारांचा विडा चघळून होईतो परतही आली. काखेत अळवाच्या पानांचा भारा!

"सरकार, मागं चला. तिकडं उंबरे नाहीत, मोऱ्या आहेत."

मागे बारा घरांच्या बारा मोऱ्या ओळीने होत्या. कोपऱ्यातल्या मोरीखाली अळू कमरेएवढं माजलं होतं. तिथे शेटजींचा राखणदार राहत होता. उरलेल्या अकरा मोऱ्यांखाली माती भेगाळलेली, आणि मोऱ्यांच्या तोंडांवर कोळ्यांची जाळी.

भिकूशेटने घाम पुसला. "आमचे बिऱ्हाडकरू अळू खात नाहीत. घसा खाजतो त्यांचा."

"नसतील खात, शेटजी. पण भांडी घासतात ना? मी दिवसभर तेच करते, पाणी कुठं जातं ते मला ठाऊक आहे."

"ते... ते सगळं नदीवर करतात."

"नदी कोसभर लांब. म्हणजे रात्री हात धुवायलासुद्धा कोसभर जातात. फारच नेमस्त माणसं!"

मग ती सरदारांकडे वळली.

"सरकार, किल्ला घेताना तुम्ही आधी पाण्याचं टाकं बघता. भाड्याचं घर घेताना सांडपाणी बघा. तोरण एका सकाळीत बांधता येतं, अळू येत नाही. आता गोष्ट सरळ आहे. या अकरा घरांत एकतर नऊ वर्षं कोणी राहिलेलं नाही, नाहीतर नऊ वर्षं कोणी आंघोळ केलेली नाही. कोणतं खरं, ते शेटजी सांगतील. दुसरं असेल, तर भाडं मागायला त्यांनाच धाडा!"

सरदारांनी भिकूशेटकडे बघितलं. भिकूशेट अळवाकडे बघत होता. तेवढ्यात पुढच्या ओट्यांवरच्या बाया पापडांसकट चाळीच्या कडेने पसार होताना दिसल्या, आणि सरदार असे हसले की पगडी कानावर आली.

"थैली परत न्या," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि म्हाळसा, पागेमागची खोली तू सोडायचीच. पेठेत आमच्या वडिलांचं दोन खणांचं घर आहे. ते आजपासून तुझं, कायमचं!"

म्हाळसाने वाकून मुजरा केला.

"उपकार झाले, सरकार. पण हो म्हणायच्या आधी जरा मागून बघून येते."