विश्वंभरचा उपास

"पण बाबा, वजन कमी झालंच कसं?"

विश्वंभरने तिसऱ्यांदा विचारलं. सोमगिरी बाबा टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर पाय पसरून बसले होते. गुरुशिष्य नुकतेच तालुक्याच्या दवाखान्यातून परतले होते.

बाबांच्या पोटात गाठ होती. ऑपरेशन करायचं ठरलं होतं; पण डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांपूर्वीच बजावलं होतं, "आधी यांना खाऊ घाला. अंगात बळ नसेल तर जखम भरून यायची नाही." मुगाचं कढण, दूध, मऊ भात, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. चिठ्ठीच लिहून दिली होती.

आणि आज काटा किलोभर खाली! बाई भडकल्या. "पंधरा दिवस देते. तेव्हाही हेच असेल तर मला हात लावता येणार नाही."

विश्वंभरला ते फार लागलं. चिठ्ठीबरहुकूम तो सहा वेळा ताट वाढत होता. ताट बाबांपुढे ठेवायचं आणि स्वतः आत धुनीपाशी जपाला बसायचं, कारण त्याने संकल्प केला होता. बाबा बरे होईपर्यंत अन्नाला शिवायचं नाही, दोन वेळा कपभर दूध तेवढं घ्यायचं. ही गोष्ट गावभर झाली होती. म्हणजे त्यानेच दोन-चार ठिकाणी सांगितली होती. बायाबापड्या त्याच्या पाया पडू लागल्या होत्या, आणि त्याला ते आवडत नव्हतं असं काही म्हणता येणार नाही.

"ताट तर रोज रिकामं असायचं," तो म्हणाला.

बाबांनी ओट्याखाली बोट दाखवलं. मठाचं कुत्रं तिथे लोळत होतं. आठ दिवसांत चांगलं गुटगुटीत झालं होतं.

"बाबा!"

"आरं, मी कधी एकटा जेवलोय का?"

मठाची चाळीस वर्षांची रीत तो साफ विसरला होता. इथे एकट्याने घास घ्यायचा नाही. सोबतीला कुणी नसलं तर बाबा पायवाटेवर जायचे, जो दिसेल त्याला हाताला धरून आणायचे आणि पंगतीला बसवायचे.

"मग वाटेवरून कुणाला तरी आणायचं…"

"गेलतो की. ज्याला हाक मारावी त्यो म्हणतो, बाबा, विश्वंभर महाराजांसंगं आमचाबी तुमच्यासाठी उपास हाय." बाबा पोट धरून हसले. "समदं गाव मला वाचवाया उपाशी बसलंय. मी जेवू कुणासंगं?"

विश्वंभरला हसू येईना.

"मला सांगायचं तरी!"

"तू जपात. डोळे मिटलेले."

"म्हणजे आता मी जेवायचं? संकल्प मोडला आणि तुम्हाला काही झालं तर?" विश्वंभर म्हणाला.

त्याचं महाराजपण कुठल्या कुठे गेलं होतं, उरली होती ती एवढीच भीती. बाबांशिवाय त्याला कुणी नव्हतं.

बाबांनी झाकून ठेवलेलं ताट ओढलं, भाकरी मोडली. अर्धी विश्वंभरपुढे ठेवली आणि अर्धी हातात धरून वाट बघत बसले.

कुत्रं आशेने उठून बसलं.

विश्वंभरने डोळे पुसले आणि घास घेतला. मग बाबांनी घेतला.

पंधरा दिवस दोघं सहा-सहा वेळा जेवले. काटा वर सरकला आणि ऑपरेशन पार पडलं. दवाखान्यात बाबांना पेज सुरू झाली, तेव्हाही नर्सबाईंना दोन वाट्या आणाव्या लागल्या. जखम छान भरून आली.

बाबा मठात परतले त्या दिवशी गाव लोटलं. गावातल्या गयाबाई विश्वंभरच्या पायाशी वाकल्या. "महाराज, तुमच्या उपासानं बाबा वाचले."

विश्वंभरने पाय मागे घेतले. त्याचा सदरा पोटावर चांगलाच तटतटला होता. सांगावं की गप्प बसावं?

"उपास नाही हो, मावशी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी दिवसातून सहा वेळा जेवत होतो."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. विश्वंभर मान खाली घालून उभा राहिला.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बघा गं बायांनो, जेवून जेवून किती वाळलाय माझा विश्वंभर!"