कोंडाबाईचे हरभऱ्याचे रान

धानोरसावळी या गावी चिंतोबा महाराजांचे वास्तव्य असतानाची ही कथा आहे. दर पौष पौर्णिमेला महाराज गावकऱ्यांना घेऊन शेतातून पायी पलीकडच्या टेंभीगावी देवीच्या आरतीला जात. महाराज पोहोचेपर्यंत टेंभीत एकही चूल पेटत नसे. म्हातारीकोतारीही उपाशी वाट पाहत बसत. केवढी ही माया!

त्या वर्षी मंडळी टाळ-मृदंगाच्या गजरात निघाली आणि भुजंगराव पाटलांच्या बांधाशी येऊन अडली. पायवाटेवर बाभळीच्या काट्यांचा ढीग रचलेला होता. मागच्या वर्षी पाटलांना घोड्यावर बसून सर्वांच्या पुढे चालायचे होते. "देवीकडे जाताना सगळे पायीच," एवढेच महाराज म्हणाले होते. तो राग पाटलांनी वर्षभर मनात धरला होता.

पाटील स्वतः बांधावर उभे होते. "नदीकडनं वळसा घाला," ते म्हणाले. वळसा म्हणजे संध्याकाळच व्हायची, आणि टेंभी तोवर उपाशी राहायची. मंडळी एकमेकांची तोंडे पाहू लागली.

तेवढ्यात मागून कोंडाबाई पुढे आली. ही एकटी विधवा बाई. पाटलांच्या शेजारी तिचे दोन बिघ्यांचे रान होते आणि त्यात घाटे धरू लागलेला हरभरा होता. त्या हरभऱ्यावरच तिला वर्ष काढायचे होते.

"महाराज, माझ्या रानातनं चला," ती म्हणाली.

पाटील खदाखदा हसले. "कोंडे, दोनशे माणसं हायेत. वर्षभर काय पायांचे ठसे शिजवून खाणार हायस?"

महाराज म्हणाले, "बाई, विचार करून बोलता ना?"

"केला विचार. टेंभीची लेकरं भुकेली हायेत."

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "सर्वांनी वहाणा काढून हातात घ्या. एका ओळीने अंग चोरून चला."

"अंग चोरून कशापायी?" कोंडाबाई म्हणाली. "देवीला निघालात, नाचत चला की."

आणि मग काय विचारता! मृदंग घुमला, टाळ झणाणले आणि दोनशे माणसे नामाच्या गजरात त्या हिरव्या रानात शिरली. कोंडाबाई सर्वांच्या पुढे, पदर खोचून नाचत होती. पलीकडचा बांध कधी आला तिला कळलेही नाही.

बांधावर चढून तिने मागे पाहिले. अख्खे रान भुईसपाट झाले होते. एक रोप उभे नव्हते. देताना मन मोठे होते, पण आता पुढचे वर्ष डोळ्यांपुढे आले. तिला रडू आवरेना.

"झाली का खळ्याची तयारी?" पलीकडून पाटील ओरडले.

महाराज जवळ आले. "बाई, डोळे पुसा आणि पुन्हा बघा."

तिच्या पायाशीच एक रोप हलले. वारा तर नव्हता. रोपाने मान वर केली, मग शेजारच्याने, मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता सारे रान उठून उभे राहिले. घाटा गळला नव्हता, फूल चुरगळले नव्हते. मृदंग वाजवणाऱ्याचा हात तसाच वर राहिला.

"नजरबंदी हाय ही," म्हणत पाटील करकरणाऱ्या वहाणांनिशी रानात घुसले. रोपे चाचपत, उपटून पाहत ते तरातरा इकडच्या बांधाशी आले आणि मागे वळले. दोनशे माणसांच्या पायांची खूण कुठेच नव्हती. फक्त त्यांच्या एकट्याच्या वाटेवरची रोपे मोडून पडली होती आणि ती काही केल्या उठत नव्हती.

पाटलांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी वहाणा काढल्या. एक मोडके रोप उभे करून पाहिले, ते पुन्हा आडवे झाले. मग ते महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज दोन पावले मागे सरले.

"पाटील, रान माझे नाही. ज्यांचे आहे त्या इथे उभ्या आहेत."

दोनशे माणसांदेखत भुजंगराव पाटलांनी कोंडाबाईपुढे मातीत डोके टेकले. "बाई, मी चुकलो," एवढेच ते बोलू शकले. रान भरून नामाचा गजर झाला.

कोंडाबाई ओशाळली. "उठा दादा. अनवाणी हायसा, हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब पायाला झोंबंल," ती म्हणाली आणि स्वतःच्या तांब्यातले पाणी तिने त्यांच्या पायांवर ओतले.