कोंडवाड्यातली खाडी

खारवलीची खाडी एका परदेशी कंपनीने कोळंबीसाठी तीस वर्षांच्या कराराने घेतली. कंपनीचे कर्णिकसाहेब काठावर पाटी ठोकून थांबले नाहीत, त्यांनी चांगुणाबाईचं जाळंही जप्त केलं. चांगुणाबाई मासे धरायची आणि पंचायतीचा कोंडवाडाही सांभाळायची. कुणाचं ढोर दुसऱ्याच्या शेतात शिरलं की ती ते कोंडायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची.

"बाई, या खाडीचा थेंब न् थेंब आता कंपनीचा," साहेब म्हणाले.

"मग सरपंचांसमोर तसं लिहून द्या. म्हणजे कुणी वाद घालायला नको."

साहेबांनी मोठ्या ऐटीत लिहून दिलं.

अमावास्येच्या उधाणाला खाडी बांध फोडून भातशेतीत घुसली. चांगुणाबाईने साहेबांना कोंडवाड्यावर बोलावलं. आत खाऱ्या पाण्याचा एक हंडा खुंट्याला दाव्याने बांधून ठेवला होता आणि सगळा गाव कुंपणाशी जमला होता.

"साहेब, तुमचं पाणी मोकाट सुटून चाळीस शेतं चरून गेलं," ती शांतपणे म्हणाली. "एवढंच हाती लागलं, बाकीचं पळालं. दंड भरा आणि घेऊन जा. पुनवेच्या उधाणाला तुम्हाला परत यावं लागेल, तेव्हा ते पुन्हा सुटणार."

साहेब भडकले. "खाडीचं पाणी काय कुणाच्या मालकीचं असतं का?"

सरपंचांनी हसू दाबत कोरा कागद पुढे केला.

"हेच लिहून द्या," चांगुणाबाई हंड्याचं दावं सोडत म्हणाली, "आणि माझं जाळं परत आणून द्या."