सातवं मत

त्या राज्यात न्यायनिवाडा वेशीत बसून होत असे. वेशीच्या कमानीवर पूर्वजांनी कोरून ठेवलं होतं, ‘न्यायाचा पाठलाग करा.’ सात न्यायाधीशांपैकी सहा जण शिकारी जातीचे. पाठलाग म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पूर्वजांचे दोन कायदे होते. मृत्युदंडाच्या खटल्यात सातही जणांनी ‘दोषी’ म्हटलं, तर आरोपीला सोडून द्यायचं. कारण ज्याच्या बाजूने एकालाही काही सुचत नाही, त्याचं म्हणणं कुणी ऐकलेलंच नसतं. दुसरा कायदा असा, की ‘दोषी’ म्हणणाऱ्याला मत बदलून ‘निर्दोष’ म्हणता येईल, उलट मात्र करता येणार नाही. कायदे खरोखर चांगले होते.

मुख्य न्यायाधीश कोल्ह्याने त्यावर तोड काढली. सातव्या आसनावर त्याने एक म्हातारं कासव आणून बसवलं. कासवाने दर खटल्यात ‘निर्दोष’ म्हणायचं, म्हणजे एकमत होत नाही आणि बहुमताने शिक्षा पक्की होते. बदल्यात रोज कोवळा पाला. वीस वर्षं कासव मान बाहेर काढी, ‘निर्दोष’ म्हणे आणि मान आत घेई. लोक त्याला दयाळू म्हणत. ऐकून किळस यावी अशी ती दया होती.

मग टिटवीचा खटला आला. तळ्याच्या पाण्याला घाण सुटली होती, पिणाऱ्यांची पिल्लं मरत होती. न्यायाधीश मेजवानीनंतरची हाडं-आतडी तळ्यात ढकलत, ते टिटवीने पाहिलं आणि काठावर ओरडून सगळ्यांना सांगितलं. आरोप तिच्यावरच आला: पाणी हिनेच नासवलं.

“ही तळ्याकाठी दिसली होती,” तरस म्हणालं.

“माझी अंडी तिथं आहेत, महाराज. मी आणखी कुठं दिसणार?”

“म्हणजे कबुली झाली,” कोल्हा म्हणाला.

सहा जणांनी भराभर ‘दोषी’ म्हटलं. सगळे कासवाकडे वळले. कासव त्याच तळ्याच्या तळाशी झोपे. ती हाडं रोज त्याच्याच पाठीवर पडत. त्याने मान बाहेर काढली आणि बराच वेळ टिटवीकडे पाहिलं.

“दोषी,” ते म्हणालं.

आधी कुणालाच काही उमगलं नाही. सात जण, सातही ‘दोषी’. मग टिटवीला उमगलं, आणि तिने आवळून धरलेले पंख सैल सोडले. वीस वर्षांत पहिल्यांदा कासवाने मान आत घेतली नाही.

कोल्हा सावकाश उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

“कासवदादा, या वयात इतकं कठोर होऊ नये,” तो म्हणाला. “मला तर या बिचारीकडे बघवत नाही. दुसऱ्या कायद्याप्रमाणे मी माझं मत बदलतो. निर्दोष.”

सहा विरुद्ध एक झालं. शिक्षा पक्की झाली. कासवाने धडपडत आपलंही मत बदललं, पण पाच पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी कासवाला आसनावरून हाकललं आणि प्रजेने दयाळू कोल्ह्याचा सत्कार केला. हार तरसाने गुंफला होता. फुलं थोडी कमी पडली, म्हणून मधेमधे काळी-पांढरी पिसं ओवली होती.