शेवंती आणि दगडी हत्ती

आडवे झालात ना सगळे? मग ऐका. एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक राजा राज्य करायचा. त्याला एकच लेक, शेवंती. नवसाची, म्हणून भारी लाडाची! तिचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, असा राजाचा हुकूमच होता. अंगणात जायचं तरी पालखी. चार भोई पालखी उचलायचे आणि ही आत बसून बत्तासे खायची. सकाळी बत्तासे, दुपारी जिलबी, संध्याकाळी पुन्हा बत्तासे. भाजी दिसली की नाक मुरडायची. हो गं निमा, थेट तुझ्यासारखंच!

आता त्या डोंगराच्या माथ्यावर होता एक दगडी हत्ती. साधासुधा नव्हे, बोलणारा. उन्हाळ्यात गावाचं तळं आटायला लागलं, की राजघरातल्या सगळ्यात धाकट्यानं तीनशे पायऱ्या चढून जायचं आणि हत्तीची सोंड ओढायची. मग सोंडेतून पाणी सुटायचं. त्या वर्षी शेवंतीला आठवं लागलं, म्हणजे डोंगर चढायचं वय झालं, आणि पाळी तिची आली.

मग काय, पालखी निघाली. भोई घामाघूम झाले. वर पोचल्यावर हत्तीनं डोळे उघडले.

"कोणाच्या पायांनी आलीस?"

"भोयांच्या," शेवंती म्हणाली.

हत्तीनं डोळे मिटून घेतले. तिनं किती ओढली, पण सोंड हलेचना.

दुसऱ्या दिवशी राजाचा हुकूम न जुमानता ती चालत निघाली. चाळीस पायऱ्या झाल्या नाहीत तोच धाप लागली, पाय लटपटले. मग सटवा भोयानं तिला पाठीवर घेतलं. वर हत्तीचं आपलं तेच, "कोणाच्या पायांनी आलीस?"

"थोडी माझ्या, बाकी सटवाकाकांच्या."

खोटं नाही बोलली हं पोर, ते मला आवडलं. पण हत्तीनं पुन्हा डोळे मिटले.

तळ्यात महिन्याभराचंच पाणी उरलं. गुरं हंबरायला लागली. शेवंती मुदपाकखान्यात जाऊन हमसून हमसून रडली. "माझ्यामुळे सगळं गाव तहानेनं मरणार!"

तिथं ठकूबाई स्वयंपाक करायची. म्हातारी, गुडघ्यांनी अधू, पण जिभेला धार. म्हणाली, "रडून पायात बळ येत नाही, बाईसाहेब. जेवायला बसा."

ताटात काय, तर ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ आणि वाटीभर ताक. पहिला घास शेवंतीनं डोळे मिटून गिळला. दुसरा चावला. तिसरा मागून घेतला, बरं का! मग रोज तसंच जेवण. बत्तासे फक्त सणाला. रोज सकाळी डोंगर चढायचा, संध्याकाळी भोयांच्या मुलींबरोबर लंगडी आणि फुगडी. ठकूबाई खालच्या पायरीवर बसून मोजायची. आज साठ, मग शंभर, मग दोनशे. तळं घोट्याइतकं उरलं, तशी शेवंती तिसऱ्यांदा निघाली.

सगळं गाव खाली उभं. राजानं तर देव पाण्यात ठेवले होते. अडीचशेव्या पायरीवर तिच्या पायात गोळे आले. बसली नाही. दात-ओठ खाऊन चढली.

"कोणाच्या पायांनी आलीस?"

"माझ्या!" ती अशी ओरडली, की झाडावरची माकडं पळाली.

हत्ती हसला. तिनं सोंड ओढली आणि पाणी सुटलं, धो धो धो! पायऱ्यांवरून उड्या मारत तळ्यात शिरलं. लोक नाचले, भोई नाचले, राजा तर मुकुटासकट भिजला.

मग शेवंती धावत खाली आली. रिकामी पालखी तिथंच होती. तिनं ठकूबाईला हाताला धरून आत बसवलं आणि एका दांड्याला स्वतः खांदा दिला. राजा हुकूमबिकूम विसरून बघतच राहिला.

वाड्याच्या दारात पहारेकऱ्यानं हसत विचारलं, "काय ठकूबाई, कोणाच्या पायांनी आलीस?"

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "माझ्या राजकन्येच्या!"

त्यानंतर त्या गावाला पाणी कधी कमी पडलं नाही, सगळे सुखात राहिले. चला, पांघरूण घ्या. उद्या मेथीची भाजी आहे, आणि टेकडीवर मला हात धरून न्यायचंय तुम्ही.